एकाच जागेसाठी दोन फोन

आपांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहून कागदावर वेळ टाकली, दहा वाजून वीस मिनिटं, आणि मग फोन उचलला. समोरच्या खुर्चीत नर्स बसली होती. रात्रपाळी संपवून ती घरी न जाता थेट इकडे आली होती, आणि झोप येऊ नये म्हणून मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

फोन नर्सच्या नावाने करायचा होता, पण बोलायचं आपांनी. मदत केंद्रात हे काम असंच चालायचं. छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या, तीन टेबलं, एक कुरकुरणारं कपाट. खाली यंत्र सुरू झालं की वर कपबश्या वाजायच्या. घरासाठी, नोकरीसाठी, शाळेसाठी अडलेला मुसलमान माणूस शेवटी हा जिना चढायचा. कुणी घर नाकारलं की ती जागा खरोखर गेली होती का, हे शोधायची आपांची एक साधी रीत होती. पहिला फोन मुसलमान नावाने. अर्ध्या तासाने दुसरा फोन, दुसऱ्या नावाने. दोन्हीकडे वाक्यं तीच, पगार तोच, घरातली माणसं तेवढीच. पहिल्या फोनला गेलेली जागा दुसऱ्या फोनपर्यंत बहुतेक वेळा परत आलेली असायची.

हा दुसरा फोन बाई करायच्या. बाई निवृत्त शिक्षिका, मुसलमान नव्हेत. पस्तीस वर्षं पोरांचे कान पिळून झाल्यावर आता मोठ्यांचे पिळायला इथे येते, असं त्या स्वतःच सांगायच्या. जागांना पाय फुटतात हो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नियम चारच होते. वाद घालायचा नाही. आपण कोण ते सांगायचं नाही. फोन ठेवल्याबरोबर लिहायचं, चहासुद्धा नंतर. आणि ऐकलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. हा चौथा नियम आपांनी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाला चिकटवला होता, कारण पहिल्याच वर्षी एक चांगली तक्रार त्यांच्या रागामुळे फुकट गेली होती. रागाने चार शब्द जास्तीचे लिहिले गेले आणि समोरच्या वकिलाने नेमके तेच धरले.

नर्सची गोष्ट काही वेगळी नव्हती. ती राहत होती ती इमारत पाडायची ठरली होती. पदरात दोन मुली, घरात गुडघे धरलेली आई. घरं भाड्याने देणाऱ्या अकरा एजन्स्यांचे उंबरे झिजवून झाले होते. ही बारावी. जागा दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, तळमजल्यावर, दोन खोल्यांची. येताना तिने मुद्दाम वाट वाकडी करून पाहिलं होतं, एजन्सीच्या काचेवर जाहिरातीचा कागद तसाच होता.

पलीकडे फोन उचलला गेला. एजन्सीचं नाव सांगून झालं, मग बोलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं. दोन अक्षरी, कुणाचंही असू शकेल असं.

आपांचं पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. याच आवाजाने सकाळी एका मोज्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांचा बब्बू. विमा कंपनीत लागलोय, क्लेमच्या फायली बघतो, असं त्याने सांगितल्याला सव्वा वर्ष होत आलं होतं, आणि आपांनी ते चार ठिकाणी कौतुकाने सांगितलंही होतं.

समोर नर्स बघत होती. आपांनी कागदावरची वाक्यं वाचून दाखवावीत तशी बोलून टाकली. नाव नर्सचं. नोकरी दवाखान्यात. घरात चार माणसं, सगळ्या बायका.

त्यानेही ओळखलं होतं. आईचा आवाज ओळखायला कितीसा वेळ लागतो.

"माफ करा बाई," तो म्हणाला. "ती जागा कालच गेली."

"दुसरी एखादी?"

"सध्या नाही. आली की कळवू आम्ही."

कळवणार होता, पण नंबर काही त्याने मागितला नाही. बोलणं मात्र अतिशय गोड होतं. त्या गोडव्यानेच आपांना चीड आली. कुठून शिकला हा इतकं छान नाही म्हणायला? आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सव्वा वर्ष रोज म्हणत असणार.

"गेली?" नर्सने विचारलं.

"गेली म्हणतात," आपा म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. फॉर्मवर एक रकाना होता, बोलणाऱ्या व्यक्तीने सांगितलेलं नाव. तिथे त्यांनी ते दोन अक्षरी नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं, याचं त्यांना नवल वाटलं.

आता अर्धा तास थांबायचं होतं. बब्बूला हा अर्धा तास माहीत होता. सहा वर्षं जेवताना त्याने आईकडून याच गोष्टी ऐकल्या होत्या; कोणत्या एजन्सीत कोण कसं सापडलं, यावर दोघं हसलेही होते. दुसरा फोन येणार हे त्याला ठाऊक होतं. त्यालाही जागा गेली म्हणून सांगितलं, की संपलं. पुरावा नाही, तक्रार नाही, बब्बूची नोकरी शाबूत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपांना मनापासून वाटलं की दुसरा फोन फुकट जावा. तेवढ्यात त्यांचं लक्ष नर्सकडे गेलं. ती खुर्चीतच झोपली होती, तोंड उघडं, पिशवीचा बंद अजून बोटात. आपांना स्वतःची लाज वाटली. तरी वाटायचं ते वाटतच राहिलं.

दहा पन्नासला बाईंनी फोन लावला. बाईंना नाटकाची हौस होती. जावई, लेक, दोन नाती अशी चार माणसं त्यांनी उभी केली, लेकीला दवाखान्यात नोकरीही दिली. मग त्या ऐकत राहिल्या आणि हं, हं म्हणत लिहीत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"आहे जागा. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं म्हणे. पाच वाजता बघायला या, किल्ली तयार ठेवतो, असं म्हणाला. आवाज गोड आहे हो मेल्याचा."

नाव तेच होतं.

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. हा माझा मुलगा. बाईंनी कागद बाजूला ठेवला असता, दुसऱ्या कुणाकडून पुन्हा फोन करवून घेतले असते. आपा बोलल्या नाहीत. असं काही लिहायला फॉर्मवर रकाना नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही, पण हात चालत राहिले. नर्सला उठवून त्यांनी तिची सही घेतली, दोन्ही कागद पाकिटात घातले आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयाचा पत्ता वर लिहिला.

संध्याकाळी बब्बू नेहमीच्या वेळेला आला. बूट काढले, हात धुतले, जेवायला बसला. घर दोघांचंच होतं. त्याच्या अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. अर्धं जेवण झालं.

"लिहिलंस?" त्याने विचारलं.

"लिहिलं."

"माझं नाव?"

"तू सांगितलंस ते."

त्याने मान हलवली. मग ताटाकडेच बघत तो बोलायला लागला. परीक्षा पास झाल्यावर त्याने चाळीस अर्ज केले होते. ते आपांनाही माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. एकाही अर्जाला उत्तर येईना, तेव्हा त्याने दहा कार्यालयं निवडली आणि प्रत्येकाला तोच अर्ज दोनदा पाठवला. तेच मार्क, तोच अनुभव. एकावर खरं नाव, एकावर हे. खऱ्या नावाला एकही फोन आला नाही. दुसऱ्याला आठवड्यात चार आले, त्यातला एक या एजन्सीचा. एजन्सीच्या मालकाने पहिल्या दिवशी त्याचे खरे कागद पाहिले आणि तो हसला. कागद माझ्या कपाटात राहू देत, म्हणाला, फोनवर तू तेच नाव चालव.

"तुझीच रीत, अम्मी. अगदी चोख आहे."

"मग माझ्याकडे का नाही आलास? दहाच्या दहा जणांवर तक्रार केली असती."

"तुला तक्रार हवी होती. मला नोकरी हवी होती."

आपांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. "आणि त्या नर्सला घर हवं होतं."

"मालक शेजारी उभे होते."

"दुसऱ्या फोनलाही?"

तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवला, तो ताटाच्या कडेवर नीट बसेना म्हणून पुन्हा उचलून ठेवला.

"दुसऱ्या फोनला मला वाटलं, काहीही बोललो तरी तू लिहिणार नाहीस."

मग उठून त्याने स्वतःचं ताट स्वतः धुऊन ठेवलं. एरवी शंभरदा सांगूनही तो ते करत नसे.

त्यानंतर घरात किल्ली, दूध आणि गॅस यांच्यापुरतं बोलणं उरलं. त्याची नोकरी जाणार हे आपांनी धरून ठेवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लागायचं ते लागणारच, असं म्हणत त्या रोज सकाळी त्याचा डबा भरत होत्या. डबा देताना आज काही झालं का, हे ओठावर यायचं आणि परत जायचं. बब्बू मात्र रोज वेळेवर जात होता आणि वेळेवर येत होता.

उत्तर यायला सात आठवडे लागले. तोवर नर्सची इमारत पाडून झाली होती. थोरली मुलगी मावशीकडे, धाकटी आणि आजी भावाच्या बाहेरच्या खोलीत, आणि नर्स स्वतः शक्य तितक्या रात्रपाळ्या मागून घेत होती, म्हणजे झोपायच्या जागेचा प्रश्न तेवढा कमी. शाळेने महिनाअखेरपर्यंत कायमचा पत्ता मागितला होता. पत्ता नाही तर पुढच्या वर्षीची जागा नाही.

पत्र आलं त्या दिवशी ती केंद्रात होतीच. बाईंनी उभ्याउभ्याच पाकीट फोडलं आणि वर्गात वाचतात तशा आवाजात वाचायला लागल्या. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांचा आवाज उतरला.

तक्रार निकाली काढली होती. एजन्सीने कळवलं होतं की ज्या कर्मचाऱ्याने दोन्ही फोन घेतले तो स्वतः मुसलमान आहे. फोनवर तो सोयीसाठी वेगळं नाव वापरतो, एवढंच. तेव्हा मुसलमान म्हणून कुणाला नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सोबत त्याचा जबाब जोडला होता, चार ओळींचा. जागेची नोंद बघताना माझ्याकडून चूक झाली. मी इथे सव्वा वर्ष काम करतो. मला किंवा माझ्या समाजाच्या कुणालाही इथे कधी वेगळी वागणूक मिळालेली नाही. हे मी कुणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही.

बाईंना सहीपर्यंत वाचवलं नाही. त्यांनी कागद टेबलावर टाकला.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," त्या म्हणाल्या. "आपल्याच माणसाने असं लिहून द्यावं? याला आईबाप आहेत की नाहीत?"

आपांनी कागद आपल्याकडे ओढला. खाली त्याने पूर्ण नाव लिहिलं होतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत गिरवून घेतलं होतं तसल्या गोल अक्षरात. चाळीस अर्जांत हे नाव नडलं होतं. आता याच नावाने त्याची नोकरी वाचवली होती आणि मालकालाही वाचवलं होतं. नाव ठेवायचं ठरलं तेव्हा आपांनी आणि त्याच्या अब्बांनी तीन रात्री वाद घातला होता. आपांनी कागद उलटा करून ठेवला. त्यांना रडू आलं नाही, नुसती शिसारी आली, आणि ती कुणाची, हे त्यांनी ठरवायचं टाळलं.

बाई पुढे काय करता येईल ते बघायला आतल्या खोलीत फायली काढायला गेल्या. नर्सने खुर्ची पुढे सरकवली.

"आपा, म्हणजे तिथे आपला माणूस आहे."

आपांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं ती चिडली आहे. ती चिडलेली नव्हती. सात आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा उघडला होता.

"त्या दिवशी कुणी शेजारी असेल, म्हणून बोलला असेल तसं. नोकरी करणाऱ्याचं काय असतं, मला माहीत आहे ना. पण आपला आहे म्हटल्यावर, ओळखीने सांगितलं तर एखादी जागा आधी कळवेल. काचेवर लागायच्या आधी." ती थांबली. "त्याचा नंबर काढता येईल का कुठून? ऑफिसचा नको. त्याचा स्वतःचा."

"येईल," आपा म्हणाल्या.

त्यांनी नंबर सांगितला. सांगताना वही उघडली नाही, फोनही बघितला नाही. एकेक आकडा सावकाश, नर्सच्या बोटाला वेळ मिळेल असा. नर्सने तो भरला आणि मान वर न करताच विचारलं, "नाव काय घालू?"

आपांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. बाई कपाटाशी पाठमोऱ्या होत्या.

"आपांचा मुलगा, असं लिही."

नर्सने मान वर केली. तिने आपांकडे पाहिलं, उलट्या ठेवलेल्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा आपांकडे पाहिलं. शाळेत पत्ता द्यायला चार दिवस उरले होते. ती पुन्हा खाली बघून एकेक अक्षर शोधत तेच नाव लिहायला लागली.