रश्मीकाकूनं नाव घेतलं

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, त्या दिवशी धनंजय बोरकुटेनं रायपूरजवळच्या कोहक्याच्या चौकात फटाके फोडले. बायकोला संधी मिळाली म्हणून नव्हे, स्वतःची खुर्ची पक्की झाली म्हणून. पार्षद म्हणजे नगरसेवक; ती बाई असली तरी कामं तिचा नवराच बघतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धनंजयच्या हथखोजच्या गोदामात पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे नशेच्या गोळ्या असतात, हेही ठाऊक होतं. तिथं एकदा छापा पडला, पेपरात त्याचं नाव छापून आलं. मग एक हमाल जेलमध्ये गेला आणि धनंजय नवी गाडी घेऊन आला.

त्याच वॉर्डातल्या समीक्षाचा मावसभाऊ शुभम त्याच गोळ्यांपायी नशामुक्ती केंद्रात होता. ती भेटायला गेली तेव्हा त्याला तिला ओळखायलाच वेळ लागला. समीक्षा अकरावीत. नुकतीच वादविवादात पहिली आली होती, आणि तेव्हापासून आपण तोंड उघडलं की लोक ऐकतात असा तिचा ठाम समज होता. धनंजयच्या घरात तिकीट जाऊ द्यायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं.

तिकिटाच्या अर्जात धनंजयनं बायकोचं माहेरचं नाव, 'रश्मी निमजे', लिहिलं होतं. वडील देवाजी निमजे, स्टील प्लांटमधून रिटायर, सज्जन माणूस. नवऱ्याचं नाव कुठंच नाही. उमेदवाराची इमेज कशी आहे ते पाहायला पक्षाच्या साधना मॅडम रायपूरहून येणार होत्या. धनंजयनं घरोघरी निरोप दिला, "मॅडमनं विचारलं तर रश्मीबद्दल बोला. माझा विषय काढायचा नाही."

"मी सांगतो मॅडमले सगळं," समीक्षा घरी म्हणाली.

"तू गप राह्य," आई, वंदना, पोळी लाटता लाटता म्हणाली. "त्याचे पोट्टे चौकात उभे राहतात. तुले रोज तिथूनच शाळेत जा लागते. आन् रश्मीचं काय? दहावीत तुह्यं गणित कोणं घेतलं?"

तिथंच गाडी अडत होती. रश्मीकाकू चांगलीच होती. वाईट असती तर काम सोपं झालं असतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी वंदनाकडे होतं. साऱ्या बाया एका जागी भेटतील म्हणून धनंजयनं, स्वतः समोर न येता, दुसऱ्याकरवी मॅडमलाही तिथंच पाठवलं. मॅडम सोफ्यावर बसल्या, तिळाचा लाडू हातात घेऊन एकेकीला विचारू लागल्या, "रश्मीजी का व्यवहार कैसा है?"

"बहुत बढ़िया," बाया एका सुरात म्हणाल्या. खोटं तरी कुठं होतं?

समीक्षा अत्तरदाणी घेऊन फिरत होती. मॅडम निघायच्या बेतात दिसल्या तशी ती मोठ्यानं म्हणाली, "अशा कशा चालल्या? अजून काकूनं नाव कुठं घेतलं?"

आईनं डोळे वटारले. पण शेजारच्या मनकर्णाबाईंना काय, निमित्तच पाहिजे. "हौ ना! घे वो रश्मी! नाव न घेता कोणी जाते का?" आणि साऱ्या बायांनी गलका केला. धनंजयचा निरोप कुणाच्या ध्यानातही राहिला नाही.

"क्या लेना है?" मॅडमनी विचारलं.

"पति का नाम, मॅडम. कविता में. हमारे में रिवाज है," समीक्षानं सांगितलं.

रश्मीनं तिच्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

"हथखोजच्या गोदामाले कुलूप लावतो हातानं,
धनंजय बोरकुटेचं नाव घेतो हळदीकुंकवाच्या मानानं."

कुणी टाळी वाजवली नाही. उखाण्यात आडनाव कोणी घेत नाही.

मॅडमचा लाडू बशीत परतला. "हथखोजवाले बोरकुटे? वो आपके पति हैं?"

"जी."

"अर्ज़ी में तो लिखा नहीं."

"अर्ज़ी उन्होंने भरी. मैंने सिर्फ़ साइन की."

मॅडम फोन कानाला लावूनच अंगणात गेल्या आणि तिथूनच गाडीत बसल्या.

स्वयंपाकघरात रश्मीनं समीक्षाला गाठलं. "तुले वाटलं, मले समजलं नाही?"

"काकू, चुकलं माह्यं..." समीक्षाचा वादविवाद कुठल्या कुठे पळाला.

"चुकलं कावून? मले कोण विचारते याचीच वाट पाहून राहिली होती मी. घरात तर मले कोणी काई विचारतच नाही."

"पण आडनाव कावून घेतलं?"

"कोहक्यात दोन धनंजय आहेत," रश्मी म्हणाली. "दुसऱ्याचं गरिबाचं किराणा दुकान आहे."

धनंजय तणतणत दारात आला. "नाव घ्यायले कोणं लावलं हिले?"

"कोणं म्हणजे?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुह्या मायनं घेतलं, मी घेतलं. तुह्या बायकोनंच काय पाप केलं?"

तो पाय आपटत गाडीकडे गेला. रश्मी मात्र त्याच्या गाडीत बसली नाही. ती अहिवाऱ्याला बापाकडे गेली, ती निवडणूक होईपर्यंत तिथंच राहिली.

तिकीट वॉर्डातल्या दुसऱ्याच बाईला मिळालं. पंधरवड्याच्या आत तिच्या प्रचाराला एक गाडी फिरू लागली. गाडी ओळखीची होती, फक्त काचेवर नवं पोस्टर होतं.

उमेदवार बाई हात जोडून समीक्षाच्या दारात आल्या. आई पाणी आणायला वळली.

"काकू," समीक्षा उंबऱ्यातूनच म्हणाली, "ही गाडी कोणाची हो?"

आई थबकली. पण या वेळी तिनं पोरीला गप केलं नाही. तीही उत्तर ऐकायला उभी राहिली.