कधीपासून दुखतंय?

रंगाऱ्याच्या बायकोला खोलीत पाऊल टाकताच कळलं. चारही भिंती छातीपर्यंत नव्या रंगात न्हाल्या होत्या आणि वर सगळा जुनाच रंग. शिडी कोपऱ्यात मिटून ठेवलेली.

"अहो, हात वर जात नाही ना?"

"वरचं उद्या करतो म्हटलं."

"कधीपासून दुखतंय?"

तो ब्रश धूतच राहिला. मग म्हणाला, "मंगळवारपासून. पण आरडाओरडा करू नकोस. सोमवारी तीन वर्षं भरतात."

त्याला पूर्वी एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून विमा कंपन्या त्याला दारात उभं करेनात. तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या कंपनीनं परवडेल असा हप्ता सांगितला, पण अट घातली: पहिली तीन वर्षं हृदयाच्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही. म्हणजे हात मोडा, पाय मोडा, कंपनी तुमच्या पाठीशी. छातीचं तेवढं तुमचं तुम्ही बघा!

आणि आज शुक्रवार होता.

"आजारपण काय कंपनीला विचारून येतं? चला, आत्ताच्या आत्ता."

"आत्ता गेलो तर राहतं घर विकावं लागेल. तीनच दिवस गं."

तिनं ऐकलं. घर जाण्याची भीती तिलाही होतीच. पुढचे तीन दिवस ती जीव मुठीत धरून वावरली. तो जिन्यात थांबला की ती हातातलं काम टाकून धावायची. दुपारी त्याचा डोळा लागला की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात, ते ती खरोखरच करत होती, आणि तिला स्वतःचीच चीड येत होती.

सोमवारी सकाळी दाढी करता करता तो मटकन खाली बसला. अंगावरचा सदरा घामानं चिंब झाला होता. गाडीत तो एवढंच बोलला, "विचारलं तर आजच सुरू झालं म्हणायचं."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नर्सला रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन काढायला सांगितलं. मग ते तिच्याकडे वळले. "नक्की आजच ना, बाई? चार-सहा दिवस उलटून गेले असतील तर हे इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. मग वेगळे उपचार करावे लागतील."

रंगाऱ्यानं तिचा हात घट्ट दाबला. पलीकडच्या टेबलावर विम्याचे कागद बघणारा कारकून पेन उघडून बसला होता. खरं बोललं तर घर जाणार, खोटं बोललं तर नवरा.

"मंगळवारपासून," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारपासून दुखतंय त्यांना, डॉक्टर."

नर्सनं इंजेक्शन परत ठेवलं. डॉक्टरांनी कागदावर मंगळवारची तारीख घातली. रंगाऱ्यानं तिचा हात सोडला आणि तोंड फिरवलं.