बेणं कोण निवडायचं

वैशाखात तातेरावांनी हळदीच्या बेण्याचा ढीग उघडला आणि नुकसान कळलं. वरचा पाला कोरडा होता, आतले गड्डे मात्र मऊ पडले होते. बोटानं दाबलं की पाणी सुटायचं. संक्रांतीनंतर त्यांची बायको रुख्मिणीबाई वारली होती. तिच्यावाचून रचलेला हा पहिलाच ढीग.

शेजारचे किशनराव बांधावरून ओरडले, "काय आदर्श शेतकरी! तुमचंच बेणं सडलं, मंग आमी कोणाकडं पाहावं?"

किशनरावांच्या मागून त्यांची सून मिना आली. वसमतच्या शेतकरी गटाची पुस्तिका ती तयार करत होती. तातेरावांनी बेण्यावर लिहून दिलेला लेख तिच्या हातात होता.

"मामा, लेख चांगला हाय. पण 'गड्डे निवडले जातात', 'ढीग हलवला जातो' असं काहून? माणूसच न्हाई यात. कोण करतं ते कसं कळावं?"

"शेतीचं असंच लिवतात, पोरी. सरकारी पुस्तकात असंच ऱ्हातं."

"सरकारचं जाऊ द्या. तुमी करता तर 'मी करतो' लिहा."

"व्हय, लिवा," किशनराव हसले. "म्हंजे हा ढीगबी तुमच्याच नावावर चढंल."

तातेरावांच्या हातातल्या गड्ड्याला घाण वास येत होता. त्यांनी तो खाली टाकला.

"आमच्या स्वप्निलची माय करायची," ते म्हणाले. "एकेक गड्डा नाकाजवळ धरून घ्यायची. मधून मधून ढीग उलथायची. मी म्हणायचो, काहून खेळून राहिलीस मातीत."

किशनरावांचं हसू थांबलं.

"मग हिंगोलीचं आदर्श शेतकऱ्याचं बक्षीस..." मिना अर्ध्यात थांबली.

"मी घेतलं. पत्रकारानं इचारलं तव्हा म्हणलं, बेणं घरीच निवडलं जातं. ती समोर बसली होती. टाळ्या वाजवून राहिली होती."

मिनानं पेन पुढं केलं. तातेरावांनी पहिली ओळ खोडली आणि लिहिलं, 'माझी बायको रुख्मिणी बेणं निवडायची.' लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी हे नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांना मान वर करवेना. तसंच बसून त्यांनी पुढच्या ओळीही दुरुस्त केल्या.

लेख छापायला गेला. 'बक्षीस तिचं होतं आणि ते मी घेतलं', ही ओळ त्यात नाही. ती लिहायची राहिली आहे.