अर्धा फळा

शालूबाई मिरजेला दवाखान्यात वारल्याचं गावाला फळ्यावरून कळलं. सत्त्याण्णव साल होतं. वडूजजवळच्या त्या गावात फोन एकच, तोही पोस्टात. निरोप आला तसा मंडळाच्या पोरांनी एसटी थांब्यापुढच्या फळ्याचा वरचा अर्धा भाग पुसला आणि 'दुःखद निधन' लिहिलं. खालच्या अर्ध्यात तिच्याच नवऱ्याचं, आकाराम मास्तरचं, आदल्या दिवशीचं मत होतं. ते पोरांनी राहू दिलं. मास्तरचं लिहिलेलं पुसायची त्यांची छाती नव्हती.

आकारामची पिठाची गिरणी. मास्तर म्हणायचे ते खो-खोमुळं. संध्याकाळी गिरणी बंद करून तो गावातल्या पोरींना मैदानावर पळवायचा. आणि राजकारणाचं काही डोक्यात खदखदलं, की सकाळी फळ्यावर लिहून मोकळा व्हायचा. त्याच्या मागून शालूबाई दळणाचे डबे पोचवायला निघायची. फळ्यापाशी थांबायची, वाचायची, आणि पदराच्या टोकानं नाव तेवढं पुसायची. मत ठेवायची.

"नाव पुसलंस, आता त्यात ऱ्हायलं काय?" तो चिडायचा.

"मत ऱ्हायलंय की. ज्याचं त्याला कळतं. पोरी कुणाच्या घरातनं येत्यात ते बघा आदी."

या खेपेला ती मिरजेला खाटेवर होती. कपडे न्यायला आकाराम एका दिवसापुरता गावी आला, तर मैदानावर जीपच्या चाकोऱ्या. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती, आणि उमेदवार भाऊसोंची प्रचाराची जीप रस्ता सोडून मैदानातून गेली होती. एक खांबही कलला होता. त्यानं तसाच खडू उचलला. 'भाऊसोंना मैदान आणि रस्ता यातला फरक कळत नाही. त्यांना तालुका काय कळणार?' खाली सही केली आणि मिरजेची एसटी धरली.

गावाचा रिवाज असा, की फळ्यावर मयताची बातमी लागली की दहाव्यापर्यंत फळ्याला फडकं लावायचं नाही. एरवी शालूबाईनं त्याच सकाळी नाव पुसलं असतं, ते तसंच राहिलं. वरची बातमी वाचायला जो थांबला त्यानं खालचंही वाचलं. भाऊसो भेटायला आले तेही फळ्यापुढूनच आले. हात जोडून बसले, शालूबाईबद्दल चांगलं बोलले, मैदानाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सुतकात आकाराम घरात कोंडला होता. उन्हं उतरली की पाय आपोआप हलायचे. ओट्यावर यायचा, आत जायचा, खिशातली शिट्टी चाचपायचा, परत ओट्यावर. मैदानाकडून 'खो' ऐकू येत नव्हता. सांगलीचे सामने तोंडावर आले होते.

शेवटी ज्ञानू आला. ज्ञानू भाऊसोंची जीप चालवायचा, आणि त्याची उजी म्हणजे संघातली सगळ्यात चपळ पोरगी.

"पोरी का येईनात रं?" आकारामनं विचारलं.

"कशा येतील? कुणाचा बाप भाऊसोंच्या डेअरीत, कुणाचा पतपेढीत. मी तर त्यांच्या जीपवर. त्येंनी काय सांगितलं न्हाई. सांगायला कशाला लागतंय?"

"खोटं लिव्हलंय का मी?"

"खरं हाय. जीप मीच घातली हुती, मास्तर. पर नाव लय ठळक दिसतंय. वैनी असत्या तर..."

"मग जा, पूस जा."

"मी? दहाव्याआदी? गाव खाईल मला."

"मी पुसतो."

"तुमी तर सुतकात. बसा गप."

आकाराम बसला नाही. येरझाऱ्या घालत राहिला. नाव पुसणं म्हणजे माघार घेणं, असं त्याला वाटायचं. मग वाटायचं, शालूबाई इतकी वर्षं पुसत होती, तेव्हा आपण कुठं माघार घेतली?

दहाव्याला येरळा नदीवरून माणसं परतली. मंडळाची पोरं बादली घेऊन फळ्यापाशी उभीच होती. आकारामनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि खालचं 'भाऊसोंना' एवढंच पुसलं. बाकीचं मत ठेवलं, सहीही ठेवली.

थांब्यावर बसलेला एकजण म्हणाला, "आता पुसून काय उपेग? समद्यांचं पाठ झालंय."

"पाठ झालंय तर वाचतोस कशाला?" पलीकडं जीपमध्ये बसलेला ज्ञानू म्हणाला. त्यानं जीप चालू केली आणि मैदानाला वळसा घालून रस्त्यानं नेली.

"मास्तर, वरचं पण पुसायचं न्हवं?" पोरांनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. त्ये मी बघतो."

संध्याकाळी उजी आली. तिच्यामागून आणखी काहीजणी आल्या. आकारामनं खांब सरळ केला, चाकोऱ्या बुजवल्या, शिट्टी वाजवली. संघ भरेल एवढ्या पोरी मात्र झाल्या नाहीत.

सांगलीला न्यायचा संघ अजून पुरा व्हायचा आहे. फळ्याचा वरचा अर्धा भाग अजून पुसायचा आहे.