पायाशी उरलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना प्रबंध आहे. काळा कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि नाव एवढं लांब की वाचताना मध्ये एकदा दम खावा लागतो. मला बांधताना बाइंडर म्हणाला होता, "ही पुस्तकं वाचायला नसतात, कपाटात उभी करायला असतात." तेव्हा मला भारी राग आला होता. पण मला एका माणसाने वाचलं. भिंग लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्याने वाचलं नसतं तर फार बरं झालं असतं.

तो माणूस म्हणजे सर. मला लिहिणाऱ्या ताईचे ते शिक्षक. सरांना एकच वेड होतं, घरट्यांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून त्यांनी उभा जन्म पाखरं पाहिली. समोरच्या दुकानाच्या पाटीवर एका अक्षराच्या पोटात चिमणीने कशी काडी काडी नेली, दिव्याच्या फुटक्या टोपणात पारवा का टिकला नाही, सगळं सुट्या कागदांवर टिपून ठेवलं. छापलं मात्र काहीच नाही. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणायच्या, "पाखरांची घरं बघता बघता आपल्या घराला रंग द्यायचा राहिला!"

पूर्वी एकदा सरांच्या एका मित्राने ती टिपणं नेली आणि आपल्या पुस्तकात खुशाल घातली. प्रस्तावनेत सरांचे गोड गोड आभार, आणि आत कुठेही नाव नाही. वाचणाऱ्याला वाटावं, सरांनी याला चहा पाजला असेल फार तर! तेव्हापासून 'आभार' हा शब्द ऐकला की सरांच्या कपाळाला आठी पडायची.

म्हणून टिपणांची पुडकी ताईच्या हाती देताना त्यांनी बजावलं, "आभारबिभार मुळीच मानू नकोस हं, पोरी. ज्या पानावर माझं घेशील त्याच पानावर, खाली, माझं नाव लिही. बस, मला बाकी काही नको."

ताईने अगदी तसंच केलं. शेवटच्या संदर्भसूचीत फक्त छापील पुस्तकंच घ्यायची, असा तिच्या विभागाचा नियम होता. त्यामुळे सरांचं नाव फक्त तळटीपांत आलं. वर मजकुरात एक बारीक चांदणी, पानाच्या तळाशी एक चांदणी, आणि तिच्यापुढे सरांचं नाव आणि टिपणाची तारीख. जवळपास पानोपानी. तळटीपा टाइप करताना ती एकटीच हसायची. "आता बघा म्हणावं," असं पुटपुटायची. मलाही आपली ऐट वाटायची. ज्याचं घेतलं त्याचं नाव अंगावर मिरवायला कसली आलीय लाज?

घात झाला तो पानांच्या कडा कापताना. बाइंडरने सांगितलं होतं, "ताई, खाली बोटभर जागा सोडा." पण तळटीपा लांबल्या आणि बोटभराचं अर्धं बोट झालं. पहिल्या तीन प्रती नीट कापल्या गेल्या. मी चौथा. पात्याखाली मी थोडासा पुढे सरकलो होतो. खच्‌ असा आवाज झाला आणि माझे पाय गेले. सगळ्या तळटीपा टोपलीत पडल्या. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तेवढी माझ्या अंगावर राहिली.

प्रबंध देण्याचा शेवटचा दिवस होता. ताईने चारही प्रती कागदात गुंडाळलेल्याच उचलल्या, तीन विद्यापीठात दिल्या आणि मला घेऊन थेट सरांकडे धावली. सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी मला छातीवर ठेवलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "बांधणी झकास झालीय," म्हणाले. ताई लाजली. "आत बघा ना, सर," एवढंच बोलली आणि निघाली.

सरांनी आत पाहिलं. चांदणी दिसली की भिंग सरकत खाली यायचं. खाली एक रेघ असायची. नाव नसायचं. पान उलटायचे, पुन्हा चांदणी, पुन्हा रेघ. अहो सर, कापलंय हो ते, मी ओरडत होतो. पण प्रबंधाला कसलं आलंय तोंड? दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताकाचीही भीती वाटते. मित्रांनो, शेवटचं पान मिटल्यावर त्यांनी पहिलं पान उघडून पुन्हा एकदा तळाशी पाहिलं, ते मी विसरू शकत नाही.

पुढेही ताई दोनदा येऊन गेली. 'नाव पाहिलंत का?' हे तिला विचारवेना, कारण ते केलेलं मोजून दाखवल्यासारखं झालं असतं. 'माझं नाव कुठंय?' हे सरांना विचारवेना. दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत बसायची आणि मी मधल्या स्टुलावर पडून असायचो. नंतर सर गेले.

ताई भेटायला आली तेव्हा काकूंनी मला तिच्या हातात दिलं. "तुझं पुस्तक घेऊन जा, बाई. त्यांनी सगळं वाचलं."

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, पोरीने आधी नाव लिहिलं असणार, मग कोणीतरी पुसायला लावलं असेल. तिला विचारू नकोस, तिला अवघड होईल."

ताईने मला उघडलं. एक पान, दुसरं पान. मग ती भराभर पानं उलटू लागली. "काकू, अहो, कापलंय हे! मी लिहिलं होतं हो! सगळीकडे लिहिलं होतं!"

"मला सांगून आता काय उपयोग गं?" काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. फार थकल्या होत्या.

चार दिवसांनी ताई विद्यापीठातली धड प्रत घेऊन आली. सरांच्या खिडकीत बसून एकेक तळटीप वाचू लागली. सरांचं नाव, टिपणाची तारीख. पुन्हा सरांचं नाव, पुन्हा तारीख. ती अगदी हळू आवाजात वाचत होती. काकू स्वयंपाकघरातून आल्या, सरांच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "जरा मोठ्याने वाच. त्यांना कमी ऐकू यायचं."

मी आता ताईच्या टेबलावर असतो. नवी मुलं प्रबंध लिहायला आली की ती आधी मला त्यांच्या हातात देते. मुलं माझ्या पायाशी बघतात आणि त्या रेघेवरून बोट फिरवतात. मित्रांनो, ज्याचं घ्याल त्याचं नाव लिहा. खाली बोटभर जागा सोडा, बांधून आल्यावर एकदा पानं उलटून बघा. आणि एवढं करूनही गप्प बसू नका. त्या माणसाला ऐकू येतंय तोवर त्याच्यापाशी बसा आणि त्याचं नाव त्याला मोठ्याने वाचून दाखवा.