नीलेश पासाउट व्हयना

आबांनी मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि ओसरीतूनच ओरडले, "मना पोऱ्या पासाउट व्हयना!"

माझा भाऊ नीलेश इंग्लंडातल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागलाय. तिथली परीक्षा पास झाला तरच नोकरी टिकणार होती, आणि ती परीक्षा आज होती. मेसेज त्याच्या वरिष्ठ बाईंचा होता. मी धुळ्याला क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, सुट्टीला गावी आले होते. पण मला कोण विचारतंय! आईने पेढे सकाळीच आणून ठेवलेले. ती डबा घेऊन गल्लीत गेलीसुद्धा.

मी पेढा तोंडात टाकला आणि मेसेज वाचला. 'नीलेश पास्ड आउट इन द एक्झाम. प्लीज कॉल.'

अर्धा चघळलेला पेढा मी हातावर काढला. पासाउट हे आपलं. आपल्याकडे कॉलेजातून बाहेर पडलेला जो तो पासाउट. पण ही बाई इंग्रज. तिच्या बोलण्यात पास आउट होणं म्हणजे चक्कर येऊन बेशुद्ध पडणं. या क्रियापदांचा मला भारी राग आहे. पासच्या पुढे आउट लागलं की माणूस पडतो, अवे लागलं की माणूस जातो. ते 'अवे' मनात आलं आणि मी आबांकडे वळले.

"आबा, तो पास नाही झाला. परीक्षेत बेशुद्ध पडलाय."

"काय बोली ऱ्हायनी तू?"

बाईंना फोन लावला, त्या उचलेनात. नीलेशचा बंद. बाहेर शेजारच्या बेबाबाई आईला म्हणत होत्या, आता सून आणा. आई हसत होती. तिला हाक मारायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात बाईंचा मेसेज आला. 'ही केम टू.'

"काय म्हनस ती?"

"तो आला, म्हणते."

"कोठे उना?"

मलाही कळेना. टूच्या पुढे जागेचं नाव लागतं, हेच तर मी पोरांकडून घोकून घेते. इथे टूच्या पुढे पूर्णविराम. दवाखान्यात आणलं? की शेवटाला आलाय? मोबाईलवर डिक्शनरी उघडली. 'कम'चे अर्थ संपता संपेनात. येणे, पोचणे, घडणे, उगवणे. आबा माझ्या खांद्यावरून ती न कळणारी अक्षरं बघत होते. पार खाली सापडलं: शुद्धीवर येणे.

मला रडूच कोसळलं. आबांना वाटलं, पोरगा गेला. ते मटकन खाली बसले.

"शुद्धीवर आला, आबा! शुद्धीवर आला!"

मग नीलेशचाच फोन आला. रात्रभर वाचत बसला होता, पोटात काही नाही, उभ्या उभ्या कोसळला. "आबा, मी पास नही व्हयनू," तो चाचरत म्हणाला.

"आते जेवना का तू?" आबांनी एवढंच विचारलं.

फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती, मागे बेबाबाई. डब्यात एकच पेढा उरला होता. आबांनी तो उचलून आईच्या हातावर ठेवला.

"पोऱ्या पास नही व्हयना," ते म्हणाले.

"मंग हाऊ पेढा कसाना?"

"पोऱ्या उना."

आईने वळून रस्त्याकडे पाहिलं. "कोठे उना?"

आबांनी सांगायला तोंड उघडलं आणि हुंदका देऊन रडायला लागले.