मोडली नाही, वळवली

"काकू, ही ठेव मोडलीये," बँकेतली मुलगी म्हणाली. "मागच्याच महिन्यात. काकांनी."

मी म्हटलं, नीट बघ. तिने नीट बघितलं. खातं दोघांच्या नावावर, सही कुणा एकाची चालेल. ती सोय मीच करून घेतली होती. तेव्हा ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, सहीसाठी त्यांना बँकेचा जिना चढायला लागू नये एवढीच माझी काळजी. पाय बरा झाला. चांगलाच बरा झाला, गेला की जिना चढून!

लोकांच्या पँटी आखूड करून, चेनी बदलून, कंबरा सैल करून साठवलेले पैसे होते ते. आमच्या इमारतीखालचा घड्याळवाल्याचा गाळा रिकामा होणार होता. उद्यापर्यंत डिपॉझिट दिलं तर तो मला मिळणार. म्हणजे स्वयंपाकघरातलं मशीन खाली जाणार, दारावर पाटी लागणार, आणि जेवायच्या वेळी 'ती कापडं उचल आधी' असं कुणी म्हणणार नाही.

घरी आले तर हे पेपर वाचत बसलेले.

"ठेव मोडलीत?"

"मोडली नाही गं," पेपर खाली न घेता म्हणाले, "वळवली."

"कुठे वळवली?"

"धाकट्याला गाडीसाठी कमी पडत होते. आपलाच भाऊ, आपलेच पैसे. देईल तो परत."

आपलेच! ह्यांचा पगार होतो तेव्हा तो 'माझा पगार' असतो. मी बोटं टोचून घेऊन मिळवलेलं मात्र हातात पडायच्या आत 'आपलं' होतं.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

इतकं खरं बोलणं ह्यांना वर्षातून एखाद्या वेळी जमतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उठा. खाली चला. घड्याळवाल्यांना तुम्हीच सांगा."

आले, शर्टाची बटणं लावत. मला वाटलं, निदान तिथे मान खाली घालतील. कसलं काय! काउंटरवर कोपर टेकून हसत म्हणाले, "आमच्या हिचा विचार बदललाय. बायकांचं काय, आज एक, उद्या एक."

"माझा विचार बदललेला नाही," मी म्हणाले. "ह्याने माझे पैसे भावाला देऊन टाकले."

ह्याने. लग्न झाल्यापासून 'ह्यांनी' सोडून माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नव्हतं. घड्याळवाल्याने डोळ्याचं भिंग काढलं. काउंटरवरचं कोपर आपोआप खाली आलं.

"अगं, लोकांसमोर काय हे..."

"लोकांसमोर माझा विचार बदलताना तुला लाज नाही वाटली? लाव भावाला फोन. गाडी विक म्हणावं, नाहीतर कर्ज काढ म्हणावं. पैसे उद्या इथे, ह्या काउंटरवर. तू फोन करेपर्यंत मी इथून हलत नाही."

आणि बसले. गिऱ्हाइकाचं स्टूल डुगडुगत होतं, तरी बसले.

"उद्या दुकान बंद करेपर्यंत थांबतो मी," घड्याळवाला हळूच म्हणाला. त्याची दया मला नको होती. मुदत हवी होती.

नवरा फोन घेऊन फुटपाथवर गेला. काचेतून दिसत होता. आधी हसून बोलला, मग समजावून. मग तोंड एवढंसं झालं. मला त्याची कीव यायला लागली, ती मी गिळली. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, ठेवू का फोन, अशा नजरेने.

मी मानेनेच नाही म्हटलं.

तो पुन्हा बोलायला लागला. ह्या वेळी ओरडून.